मागचं डावं चाक

हतनूरचा फाटा मागे टाकून गाडी कच्च्या रस्त्याला लागली आणि मागचं डावं चाक बसलं. आधी फटफट आवाज आला, मग गाडी एका अंगाला कलली आणि मागच्या सीटवरच्या बायका एकमेकींच्या अंगावर जाऊन पडल्या. सात माणसांच्या गाडीत दहा बायका, त्यांची भाकरीची फडकी आणि पाण्याच्या बाटल्या. खिडकीशी चेंगरलेली भागूबाई ओरडली, "मजीदभाई, उतरू का आतच मरू?"

"उतरा," मजीद म्हणाला आणि चरफडत खाली उतरला.

पुढच्या सीटवर सगीरा होती. ती मजीदची बायको आणि या टोळीची मुकादम. कांद्याच्या लागवडीचे दिवस आले की गावातल्या दोन गल्ल्यांतल्या बायका जमवायच्या, शेतकऱ्यांशी बोलणी करायची आणि सगळ्यांना वेळेवर वाफ्यात उतरवायचं, हे तिचं काम. न्यायचं-आणायचं मजीदकडे. आज ज्यांच्या शेतात जायचं होतं त्या सखारामभाऊंनी काल तिला तीनतीनदा बजावलं होतं, की रोप उपटून ठेवलंय, लाईट सकाळचीच आहे, वाफे भिजवून ठेवतो, उशीर करू नका. उपटलेलं रोप कुणाची वाट बघत नाही. सगीरानं वर आलेल्या सूर्याकडे पाहिलं.

थंडी मरणाची होती. बायका पदर गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मजीदनं जॅक लावण्याआधी पाना काढला आणि मोठ्या रुबाबात चाकापाशी बसला. चाक खोलणं त्याला काही नवीन नव्हतं. अर्धं आयुष्य त्यानं कन्नडच्या घाटात जीप चालवण्यात घालवलं होतं. ती जीप शेवटी भंगारात गेली. मग वाळूजच्या कंपनीत कामाला असलेल्या सरफराजनं, त्यांच्या थोरल्या मुलानं, बजाजनगरातून ही जुनी गाडी बापाला घेऊन दिली. देताना म्हणाला, "अब्बा, वय झालं आता तुमचं. काही गडबड झाली तर मी गाडी परत नेईन." पोरानं असं बोलावं याचा राग मजीदच्या डोक्यात अजून होता, आणि तो बहुधा चाकांवर निघायचा.

त्यानं पाना नटाला लावला. दांडा मागच्या बंपरकडे केला आणि त्यावर पाय दिला. नट हलला नाही. दुसरा बघितला, तोही हलला नाही. मग त्यानं डिकीतून लोखंडी पाईप काढला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि दोन्ही पायांनी वर उभा राहिला.

"आता कसा निघत नाय बघतो," म्हणून त्यानं उडी मारली.

टक असा आवाज झाला. पाना निसटला आणि मजीद गुडघ्यावर आपटला. धुळीत नट पडला होता आणि त्या नटात मोडलेल्या स्टडचा तुकडा. चाक ज्या चार दांड्यांवर अडकतं त्यातला एक साफ तुटला होता. भागूबाईला हसू आलं होतं, पण मजीदचं तोंड बघून तिनं ते पदरात कोंबलं.

"सत्यम्या!" मजीद ओरडला. "आसं आवळतेत का चाक? माणूस हाय का राक्षस?"

सत्यम म्हणजे गावच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा. याच आठवड्यात त्यानं या चाकाचं पंक्चर काढलं होतं. सत्यमची आई रत्नमाला तिथंच उभी होती. तिच्या एका हातात तिची भाकरी होती आणि दुसऱ्या हातात सगीराची.

"बोलवून घ्या त्याला," ती हळूच म्हणाली. "येईल तो."

सत्यम मोटारसायकलवरून आला. तीस-बत्तीसचा, दोन लेकरांचा बाप, कमी बोलणारा. तोवर एक उसाची ट्रॉली वाटेत अडून उभी राहिली होती आणि तिच्यावरचे चौघं खाली उतरून तमाशा बघत होते. सत्यमनं पाना लावला, पाईप चढवला, जोर दिला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. शेवटी नट करकरला आणि सुटला.

"लईच घट्ट हाय," तो सरळ मनानं म्हणाला.

"ऐका!" मजीदनं ट्रॉलीवाल्यांकडे हात केला. "त्याच्याच तोंडानं ऐका! आवळताना अक्कल गहाण ठेवली व्हती काय रे? दहा बाया हायत माझ्या गाडीत. रस्त्यात चाक निघालं आसतं मंजे?"

"चाचा, मी हातानंच आवळलं व्हतं. पाय बी दिला नव्हता."

"मंग काय भुतानं येऊन आवळलं?"

ट्रॉलीवाले खदखदून हसले. सत्यमनं आपल्या हातांकडे पाहिलं. "आसंल," तो पुटपुटला, "हात जड पडला आसंल माझा." रत्नमालानं मान खाली घातली.

सगीरा हे सगळं बघत होती, पण तिची नजर पाईपवर खिळली होती. सत्यमचा पाईप पुढच्या दाराकडे होता. मजीदचा बंपरकडे होता. आधी तिला नुसतं काहीतरी खटकलं. मग तिला जीप आठवली. घाटात चाक खोलायची वेळ आली की मजीद प्रवाशांना शहाणपण शिकवायचा, "जीपच्या डाव्या चाकाचे आटे उलटे आसतेत. बाकी गाड्यांचा नट जिकडं सुटतो तिकडं हिचा आवळतो. नवशिक्याला ठावं नसतं, मोडून ठेवतेत." ते तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की ती झोपेतही म्हणून दाखवू शकली असती. या गाडीचे आटे उलटे नव्हते. उजवं चाक असतं तर काहीच झालं नसतं. डाव्या चाकापाशी बसताच मजीदचा हात जीपच्या सवयीवर गेला होता, आणि तो नट सोडवत नव्हता, आवळत होता. पाईप लावून, उड्या मारमारून आवळत होता.

आता सांगावं तर चार परके बाप्ये उभे. ती गप्प बसली.

स्टेपनी चढवून तीन नटांवर गाडी हळूहळू सखारामभाऊंच्या शेतात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रोपाच्या जुड्या माना टाकून पडल्या होत्या. भिजवलेल्या वाफ्यांतलं पाणी जिरून चिखल घट्ट झाला होता, त्यात रोप खुपसताना अंगठा आत जाईना. सखारामभाऊ बांधावर येरझाऱ्या घालत होते आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात बडबडत होते. सगीरानं ओचा खोचला आणि वाफ्याच्या कडेला बसली. तिच्या समोरच्या कडेला रोज रत्नमाला बसायची. दोघींनी दोन बाजूंनी मधोमध लावत यायचं, बोलत, थट्टा करत. आज रत्नमाला तिकडे भागूबाईसमोर जाऊन बसली. सगीरासमोर एक नवखी पोर आली. तिची रोपं वाकडी पडत होती आणि सगीरा त्यांना पुन्हा सरळ करत होती. दिवस मावळेपर्यंत कमरेचे तुकडे पडले. नखांत माती जाऊन बोटं ठणकत होती. सगळ्यात जास्त राग तिला आपल्या जिभेचा आला होता.

मजीद मात्र येताना पूर्ण रस्ताभर तीच गोष्ट सांगत होता. प्रत्येक वेळी सत्यमचा हात थोडा आणखी जड होत होता. फाट्यावर उतरताना रत्नमालानं सगीराला बाजूला घेतलं.

"उद्यापासून आमच्या गल्लीतल्या बाया तुझ्यासंगं नाय येणार. दुसऱ्या टोळीच्या टेम्पोत जातो आम्ही."

"कामून गं?"

"कामून म्हणती? माझ्या लेकाला रस्त्यात उभं करून लोकांपुढं बोलले. ट्रॉलीवाल्यांनी गावभर केलं. सुनेचा फोन आला व्हता, दुपारपासून एक माणूस दुकानात फिरकला नाय. आन तू," तिनं सगीराकडे रोखून पाहिलं, "तू नुसती बघत राह्यली."

अर्धी टोळी गेली. सगीराला एवढ्या बायका एकत्र करायला किती वर्षं लागली होती! कुणाचा नवरा नाही म्हणायचा, कुणाची सासू. एकेकीच्या दारात तिनं तासन् तास बसून काढले होते.

रात्रीचं जेवण वाढताना तिनं विषय काढला. नवऱ्याचा स्वभाव तिला माहीत होता, म्हणून तिनं अगदी सावकाश, भाजीत मीठ आहे का विचारावं तशा सुरात विचारलं, "अजी, जीपच्या डाव्या चाकाचे आटे उलटे व्हते ना?"

"व्हते. मंग?"

"ह्या गाडीचे सरळ आसतेल."

मजीदचा घास हातातच राहिला. तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. सगीराला वाटलं, कळलं याला. पण दुसऱ्याच क्षणी त्यानं ताट पुढे ढकललं.

"चुप बैठ गे! तू मेरेकू गाडी सिखाती क्या?" चिडला की तो सरळ दखनीवर यायचा. "सारी उमर गयी मेरी चाकां खोलनेमें!"

तेवढ्यात सरफराजचा फोन आला. वाळूजपर्यंत बातमी पोचली होती. "अब्बा, सच बोलो, तुमसे मोडा क्या?" त्याचा आवाज सगीरालाही ऐकू येत होता. मजीद ओरडून म्हणाला की त्या पंक्चरवाल्यानं मोडला, सगळ्या गावानं बघितलंय. तिकडून सरफराज म्हणाला, तसं असेल तर ठीक, नाहीतर सुट्टीला येऊन गाडी नेतो. सगीरा चुलीपाशी ताट धरून बसून राहिली. खरं बोललं तर गाडी जाते. नाही बोललं तर रत्नमाला जाते, आणि तिच्या लेकाचं दुकान बसतं. हा माणूस एकदा नुसतं 'चुकलं' म्हणाला असता तर यातलं काही झालं नसतं. तिला ते ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मजीद मोडका तुकडा खिशात घालून काळ्या-पिवळ्या जीपनं कन्नडला गेला. दुपारी स्टड घेऊन आला तो बोटाच्या पेरानं आखूड निघाला. दुकानदारानं पुढच्या चाकाचा दिला होता आणि मजीदनं तुकड्याशी ताडूनही पाहिला नव्हता. पुन्हा कन्नड. दुसऱ्या खेपेला ऊन, धूळ आणि दुकानदाराचं "सकाळी कुठं गेली व्हती अक्कल, चाचा?" हे सगळं पोटात घेऊन तो आला. कन्नडच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं, गाडी इथं आणा, मी खेड्यात येत नाही. तीन नटांवर तेवढ्या खड्ड्यांतून गाडी न्यायची त्याची छाती होईना. दिवस वाया गेला. सखारामभाऊंचे फोनवर फोन येत होते.

"सत्यमला बोलवा मंग," सगीरा म्हणाली.

"तूच जा," मजीद भिंतीकडे बघत म्हणाला.

रत्नमालाच्या दारात सगीरा उभी राहिली तेव्हा रत्नमालानं तिला बस म्हटलं नाही. सत्यम आतून ऐकत होता. तो बाहेर आला आणि म्हणाला, "गाडीचा काय गुन्हा? सकाळी दुकानापुढं आणा."

सकाळी फाट्यावर सगळं गाव असतं. शेतावर जाणारे, एसटीची वाट बघणारे, चहावाल्यापुढचे. सगीराच्या गल्लीतल्या पाच बायका भाकरीची फडकी घेऊन एका बाजूला उभ्या होत्या. रस्त्याच्या पलीकडे रत्नमाला, भागूबाई आणि त्यांच्या बायका दुसऱ्या टेम्पोची वाट बघत होत्या. इतके दिवस एका फडक्यातली चटणी खाल्लेल्या बायका, पण मध्ये डांबरी रस्ता होता आणि कुणी कुणाला हाक मारत नव्हतं.

सत्यमनं चाक काढलं. आतला ब्रेकचा ड्रम गंजून घट्ट बसला होता. कडेनं हातोडीचे ठोके मारमारून तो सुटला आणि काळी धूळ सत्यमच्या तोंडावर उडाली. मोडक्या स्टडचं बूड त्यानं ठोकून मागे पाडलं. खरा त्रास नवीन घालताना झाला. तो मागच्या बाजूनं आत घालावा लागतो आणि तिथं बोट जाईल एवढीच फट. स्टड वाकडा धरावा, तर मागचा पत्रा अडवायचा. सरळ धरावा, तर शिरायचाच नाही. सत्यमनं चाकाचा मधला हब जरा जरा फिरवत जागा शोधली. त्याच्या बोटांची सालं निघाली. मजीद डोक्यावर उभा राहून, "आसं नाय, तिरपा घाल," असं सांगत होता, आणि सत्यम त्याला 'हां चाचा' देखील म्हणत नव्हता. शेवटी स्टड शिरला. पुढून दोन वायसर आणि जुना नट लावून सत्यमनं तो हळूहळू ओढून घेतला, दातेरी बूड बरोबर बसलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा श्वास सोडला.

ड्रम बसला, चाक बसलं, चारही नट हातानं लागले. गाडी जॅकवरून खाली आली. आता फक्त पाना मारायचा होता. सत्यम उठला आणि त्यानं पाना मजीदपुढे धरला.

"चाचा, तुम्हीच आवळा. परत माझ्यावर नको."

चहावाल्यापुढची माणसं वळून बघायला लागली. मजीदनं पाना हिसकावून घेतला, नटाला लावला आणि दांडा पुढच्या दाराकडे केला.

आवळायचं म्हणून हा सोडवायला निघाला होता. हात पुन्हा जीपवर गेला होता. आता नट ढिला होईल, याला वाटेल आवळला, आणि याच चाकावर आपल्या पाच बायका बसतील. तिनं परवा गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"उलटं चाललंय!" ती मोठ्यानं म्हणाली. "जीप नाय ती. पाना बंपरकडं करा."

मजीदचा पाय तसाच दांड्यावर थांबला. त्यानं पान्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. रस्त्यापलीकडून रत्नमाला आली आणि चाकापाशी उभी राहिली.

"आन परवा?" तिनं सगीराला विचारलं. "परवा पाना कुणीकडं व्हता?"

"बंपरकडं," सगीरा म्हणाली. "सोडवायच्या वक्ताला बंपरकडं. सत्यमचा काय दोष नाय. ह्यांनीच आवळून मोडला."

सत्यम तिच्याकडे नुसता बघत राहिला. परवापासून तो आपल्याच हातांवर शंका घेत होता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मजीदनं पाना खाली टाकला आणि कुणाकडेही न बघता घराच्या दिशेनं चालू लागला.

"हे परवाच बोलायचं व्हतं, सगीरा," रत्नमाला म्हणाली. तिचा टेम्पो आला होता. ती वळली आणि आपल्या बायकांबरोबर त्यात बसून गेली. सत्यमनं नट आवळले, दुकानाचं शटर ओढलं आणि पाच बायकांना घेऊन गाडी सखारामभाऊंच्या शेतात नेली. दिवसभर सगीरानं पाच जणींत दहा जणींचं काम ओढलं. रडूही येत होतं, पण चिखलाच्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मजीद ओट्यावर बसला होता. चहा केलेला नव्हता, जेवणही केलेलं दिसत नव्हतं. ती हातपाय धुऊन चूल पेटवायला बसली.

"घरात सांगायचं व्हतं," तो म्हणाला.

"घरातच सांगितलं व्हतं. तुम्ही ताट ढकललं."

तो ओट्यावरून तिच्याकडे वळला. "चार माणसांत बोलली तू मला. ह्या गावात कधी मान खाली घातली नाय मी."

"त्या पोराला बी चार माणसांतच बोलले तुम्ही," सगीरा म्हणाली. तिनं चुलीवरून नजरही वर केली नाही. "त्याला मान नाय का?"

मजीद उठला. पायात चपला घातल्या. सगीराला वाटलं, मशिदीकडे निघाला असेल. पण तो फाट्याच्या वाटेला लागला, तशी तीही चूल तशीच सोडून मागे निघाली.

सत्यमच्या दुकानापुढे बाकड्यावर माणसं बसली होती. नुकत्याच आलेल्या टेम्पोतून रत्नमाला आणि बाकीच्या बायका उतरत होत्या. यापेक्षा वाईट वेळ मजीदला शोधूनही सापडली नसती. तो सरळ बाकड्यापुढे जाऊन उभा राहिला आणि घाटात गिऱ्हाइकं बोलवावीत तशा खणखणीत आवाजात म्हणाला, "स्टड मी मोडला. जीपच्या सवयीनं उलटा पाना मारला. ह्या पोरानं चाक बराबर लावलं व्हतं."

बाकड्यावरून कुणीतरी फिसकन हसलं. "वा रे ड्रायव्हर! आता सरफराज गाडी नेतो बघ."

"त्याला बी फोन केला दुपारी. नेऊ दे." मजीदचे कान लाल झाले होते, पण तो जागचा हलला नाही. "हसायचं तेवढं हसा मला. पण पंक्चर ह्याच्याकडंच काढा."